बिनपगारी रजा

(८ मार्चच्या निमित्ताने तालुक्याच्या गावी भरलेल्या महिला मेळाव्यात एका शिक्षिकेने केलेले हे भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन करताना बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. – संपादक गट)



वर्गात पाऊण तास बोलायचं तर मला काही वाटत नाही. समोर पोरं असतात आणि विषय गणित असतो. इथं विषय मी स्वतःच आहे, म्हणून जरा धडधडतंय. पत्रिकेत 'परदेशातील नोकरीचे अनुभव' असं छापलं आहे. पण मी काही प्रवासवर्णन सांगणार नाही. मला त्या दोन वर्षांचा हिशेब मांडायचा आहे. जमा काय झालं, खर्च काय झालं, आणि तो खर्च कोणाच्या नावावर पडला, तेही.

मी कोकणातल्या एका अनुदानित मराठी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. जानेवारी २०१३ ते डिसेंबर २०१४ अशी दोन वर्षं मी बिनपगारी रजा घेतली आणि मालदीवमधल्या एका छोट्या बेटावरच्या शाळेत शिकवायला गेले. तेव्हा माझं वय चाळीस. नोकरीला सोळा वर्षं झालेली. मुलगी सातवीत, सासूबाई सत्तरीच्या, नवरा पतसंस्थेत कामाला. दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं आमच्याबरोबर एकाच घरात.

"का गेलीस?" हा प्रश्न मला आजही विचारतात. तेव्हा मी उत्तर द्यायची, "घराचं कर्ज आहे, मुलीचं शिक्षण आहे." हे उत्तर सगळ्यांना पटायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "खरंय गं, पोटासाठी काय काय करावं लागतं बाईला!" सासूबाईंनीही मान हलवली. पण माझा नवरा पतसंस्थेतला माणूस. त्यानं एका रात्री कागद-पेन घेतलं. तिथला पगार, त्याचे रुपये, जाण्यायेण्याचं भाडं, एजंटाचे पैसे, इकडचा बंद होणारा पगार असं सगळं मांडलं आणि मला विचारलं, "यात आपल्याला सुटतं काय?" सुटत जवळजवळ काहीच नव्हतं. मग मला खरं बोलावं लागलं. म्हटलं, "मला जायचंय. म्हणून जायचंय."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडायला मला चाळीस वर्षं लागली. आणि ते बाहेर पडल्याबरोबर घरातली हवाच बदलली. घरासाठी कमवायला निघालेली बाई चालते. तिला लोक कौतुकाने त्यागी म्हणतात. स्वतःला हवं म्हणून निघालेली बाई म्हणजे मात्र काहीतरी बिनसलेलं असणार. नवऱ्याशी पटत नाही का? तिकडे कोणी आहे का? माहेरच्यांनी शिकवलं का? हे सगळं माझ्या पाठीमागे विचारून झालं, आणि एक-दोघींनी तोंडावरही विचारलं.

एकच अर्ज, दोन निकाल

आता रजेचं सांगते. कारण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या अर्जाने.

यापूर्वी मी एकदा बिनपगारी रजा घेतली होती. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. सात महिने मी घरी होते. त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं मीच केलं. घरात दोन धडधाकट मुलगे असताना नोकरी थांबली ती सुनेची. तेव्हा त्या रजेचा अर्ज संस्थेने चार दिवसांत मंजूर केला. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी माझं उदाहरण दिलं, की सून असावी तर अशी. त्या सात महिन्यांत मुलांचं गणित बुडेल याची चिंता कोणी केली नाही.

मालदीवला जाण्यासाठी मी तसाच अर्ज केला. मजकूर तोच, कारण तेवढं वेगळं. त्याला पाच महिने लागले. "मुलांचं नुकसान होईल." "पायंडा पडेल." "बाईंनी राजीनामा द्यावा, म्हणजे कोणालाच त्रास नाही." एकाने तर थेट नवऱ्याला फोन करून विचारलं, की तुमची परवानगी आहे ना?

आजकाल शहरातल्या मुली 'करिअर ब्रेक' म्हणतात. शब्द नवा आहे, पण आपल्याला ही गोष्ट काही नवी नाही. बाळंतपणासाठी, मुलाच्या दहावीसाठी, नवऱ्याच्या बदलीसाठी, आजारी माणसासाठी आपण नोकरी सोडतो, धरतो, पुन्हा सोडतो. त्याची नोंद 'कर्तव्य' म्हणून होते. तीच खंडित नोकरी पुढे बढतीच्या वेळी आपल्या विरुद्ध दाखवली जाते, ते वेगळंच. बाई सुट्टी घेते याला कोणाचीच हरकत नसते. ती सुट्टी तिच्या स्वतःच्या कामी आली की हरकत सुरू होते.

पासपोर्टचंही तसंच झालं. माझी कागदपत्रं माहेरच्या नावाची, नोकरी सासरच्या नावाची. लग्नाची नोंदणी केलेली नव्हती. ती आधी केली, मग प्रतिज्ञापत्र, मग संस्थेचं ना-हरकत. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सैल केले. पासपोर्टच्या अर्जासोबत विवाहाचा दाखला जोडायची अट काढली आणि आई-वडील दोघांऐवजी एकाचंच नाव दिलं तरी चालेल असं केलं. एकट्या आयांना आणि नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायकांना याचा मोठा उपयोग झाला. पण माझ्या वेळी ते नव्हतं. आणि एजंटाने तर नवऱ्याचं संमतिपत्र मागितलं. मी विचारलं, "हे कुठल्या कायद्यात आहे?" तो म्हणाला, "कायद्यात नाही हो मॅडम, पण नंतर भानगड नको." मी ते दिलं. आज विचारलं असतं तर दिलं नसतं. पण तेव्हा दिलं, हे लपवत नाही.

या काळात मला पंडिता रमाबाईंची फार आठवण यायची. दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन १८८३ साली ही विधवा बाई इंग्लंडला गेली. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंच्या मागे नवऱ्याचा हट्ट होता. रमाबाईंच्या मागे कोणीच नव्हतं, आणि म्हणूनच की काय, त्यांना शिव्या जास्त बसल्या. १८८९ मध्ये परत येऊन त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. मी काही रमाबाई नव्हे. पण इतक्या वर्षांनी एका साध्या मास्तरणीला त्याच प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, याचा राग यायचा.

बेटावर

मालदीव म्हणजे सुमारे बाराशे बेटं. त्यातल्या दोनशेच्या आसपास बेटांवर वस्ती. जमीन इतकी सपाट, की समुद्रापासून दोन-अडीच मीटरपेक्षा उंच जागाच नाही. बेटांचं कडं असतं त्याला इंग्रजीत अटोल म्हणतात, तो शब्द मुळात त्यांच्याच दिवेही भाषेतून गेलेला. माझं बेट मी संध्याकाळी चालत पाऊण तासात पुरं करायची. माड, पांढरी वाळू, मासळीचा वास. कोकणातल्या बाईला परकं वाटायचं कारण नव्हतं. दिवेहीची लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे वाचता काही येईना. पण पोरांनी आकडे म्हणून दाखवले, "एके, दे, तिने, हतरे", आणि मी चकितच झाले. पोळीला ते रोशी म्हणतात. अंगणात टांगलेल्या लाकडी झोपाळ्याला उंदोली. ते ऐकल्याबरोबर मला आमचा हिंदोळा आठवला.

शिकवायचं इंग्रजीतून. मी मराठी शाळेत शिकलेली आणि मराठीतून शिकवणारी. पहिले दोन महिने रात्री बारा-बारा वाजेपर्यंत दुसऱ्या दिवशीचा पाठ मोठ्याने म्हणून बघायची. एकदा वर्गात 'छेद' या शब्दाला इंग्रजी शब्दच आठवेना. पोरं वाट बघत राहिली. मी फळ्यावर आकृती काढली आणि पुढे गेले. सोळा वर्षांनी पुन्हा शिकाऊ झाले होते. ते अवघड होतं आणि मला फार आवडलंही. इकडे मी कोणाची तरी सून, वहिनी, आई म्हणून ओळखली जायची. तिकडे मी फक्त गणिताची बाई होते. सकाळी उठल्यावर पहिला चहा मी माझ्यासाठी करायची. वयाच्या चाळिसाव्या वर्षी असं पहिल्यांदा घडलं. हे सांगताना हसू येतं, पण इथल्या किती जणी सांगू शकतील की पहिला कप माझा असतो?

तिथल्या बायकांविषयी सांगते. तिकडे लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. घटस्फोटाचं प्रमाण जगात अगदी वरचं. माझ्या घरमालकिणीचं हे तिसरं लग्न होतं आणि त्याबद्दल गावात कुजबुज नव्हती. मला हे ऐकून आधी फार बरं वाटलं. इथं नवऱ्याचा मार खाऊनही 'लोक काय म्हणतील' म्हणून राहणाऱ्या बायका आपण रोज बघतो. पण हळूहळू दुसरी बाजूही दिसली. पूर्वी नवऱ्याने तोंडी सांगितलं की काडीमोड व्हायचा. २००१ पासून अमलात आलेल्या कुटुंब कायद्याने त्याला कोर्टात जाणं भाग पाडलं. तरी मुलांच्या पोटगीसाठी बाईलाच खेटे घालावे लागतात. पुरुष बरेचसे रिसॉर्टमध्ये नोकरीला, महिनोन्महिने बाहेर. बेट चालवतात बायका. रस्ते झाडणं, मासे उकडून वाळवणं, म्हातारी माणसं सांभाळणं सगळं त्यांच्याकडे. पण रिसॉर्टमध्ये नोकरीला मात्र स्थानिक बाई फार क्वचित दिसते. कारण तिथं मुक्कामाला राहावं लागतं, आणि घराबाहेर राहून काम करणारी बाई म्हटलं की लोक बोलतात. माझ्या घरमालकिणीनं एकदा मला विचारलं, "तू इतक्या लांब एकटी आलीस, तुला तुझ्या लोकांनी येऊ कसं दिलं?" तीन लग्नं करायला न घाबरलेली बाई हे विचारत होती.

गंमत म्हणजे त्या देशावर चौदाव्या शतकात खदीजा नावाच्या राणीने राज्य केलं. इब्न बतूता तिथं काझी होता तेव्हा गादीवर तीच होती, आणि बायका त्याचं ऐकून अंग झाकत नाहीत अशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. त्याच देशात २००८ ची राज्यघटना येईपर्यंत बाईला राष्ट्राध्यक्ष होता येत नव्हतं. पुढे २०१९ साली कायदा बदलून स्थानिक परिषदांत तेहतीस टक्के जागा बायकांसाठी राखल्या, तेव्हा मी माझ्या तिथल्या मैत्रिणीला फोन केला. तिला सांगितलं, की आमच्याकडे हे १९९३ पासून आहे, तेव्हा नवरे कसे 'सरपंचपती' होतात ते आधीच विचारून ठेव.

एक गोष्ट जड आहे, पण सांगायला हवी. मी तिथं पोचले ती दिल्लीतल्या १६ डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर लगेच. शिक्षकांच्या खोलीत पहिल्याच आठवड्यात मला विचारलं गेलं, "तुमच्याकडे बायका बसमध्येही सुरक्षित नाहीत का?" मी मान खाली घातली. मग फेब्रुवारीत बातमी आली, की तिकडच्याच एका बेटावरच्या पंधरा वर्षांच्या मुलीला विवाहबाह्य संबंधांबद्दल शंभर फटक्यांची शिक्षा झाली. ती सावत्र बापाच्या अत्याचाराची बळी होती. आता माना त्यांनी खाली घातल्या. जगभरातून निषेध झाला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. मी परदेशी, कंत्राटावर. मला उघड बोलायची सोय नव्हती आणि मी बोलले नाही. पण त्या दिवशी आम्ही पाच-सहा जणी खोलीचं दार लावून बसलो. कोणी कोणाच्या देशाला नावं ठेवली नाहीत. प्रत्येकीनं आपापल्या गावातली एक मुलगी सांगितली. माझ्यासाठी त्या दोन वर्षांतली सगळ्यात मोठी बैठक ती.

खर्चाची बाजू

आता खर्चाकडे येते.

विमानतळावर उतरल्याबरोबर भरती करणाऱ्यांच्या माणसाने आमचे पासपोर्ट 'परवान्याच्या कामासाठी' म्हणून घेतले. तीन महिने झाले तरी परत नाहीत. विचारलं की "सुरक्षित आहेत" एवढंच. भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाला तो अडकवून ठेवता येत नाही, हे मला तिथं गेल्यावर एका केरळी शिक्षिकेने सांगितलं. मग आम्ही आठ जणांनी मिळून एक अर्ज केला आणि त्याची एक प्रत आपल्या दूतावासाला पाठवू असं तोंडी सांगितलं. आठवड्यात पासपोर्ट हातात आले. एकटीनं मागितले असते तर मिळाले असते का, मला शंका आहे.

दुसरी चूक माझीच. पहिलं वर्षभर मी सगळे पैसे नवऱ्याच्या खात्यावर पाठवले. माझं खातं होतं, पण परदेशी नोकरीला गेल्यावर त्या खात्याचा प्रकार बँकेत बदलून घ्यावा लागतो, ते मी केलं नव्हतं. 'एकच तर घर आहे' असं म्हणून सोडून दिलं. मे महिन्यात घरी आले तेव्हा कळलं, की त्यातून दिराच्या गाडीचं कर्ज फिटलं. मला कोणी विचारलं नाही. नवरा वाईट माणूस नाही. त्याला विचारायचं सुचलंच नाही, कारण त्याच्या लेखी तो पैसा घराचा होता आणि घर म्हणजे तो. आमचं त्या वेळी जे भांडण झालं ते लग्नाच्या सोळा वर्षांतलं सगळ्यात मोठं. दुसऱ्या वर्षी पैसे माझ्या नावावर आले.

तिसरा खर्च माझ्या मुलीचा. मी तिकडे असताना तिला पाळी सुरू झाली. फोनवर ती आधी काही बोलेना. मग हळूच म्हणाली, "आजीनं मला बाजूला बसवलंय." मी सोळा वर्षं शाळेत मुलींना सांगत आले, की यात विटाळ-बिटाळ काही नसतं. आणि माझ्याच घरात माझी पोर चार दिवस कोपऱ्यात चटईवर. त्या रात्री मी बॅग भरायला काढली होती. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला फोन केला आणि म्हटलं, "हे तुला बोलावं लागेल, आईशीही आणि लेकीशीही." बाप मुलीशी पाळीबद्दल बोलतो हे आमच्या घरात कधी झालेलं नव्हतं. तो बोलला. अडखळत बोलला असेल, पण पुढच्या महिन्यात ती बाजूला बसली नाही. मी घरी असते तर हे काम मीच केलं असतं आणि तो पेपर वाचत बसला असता. तरीही, ती पहिल्यांदा घाबरली तेव्हा मी नव्हते, ते नव्हतेच. मुलगी आता सव्वीस वर्षांची आहे. मध्ये एकदा म्हणाली, "तू गेलीस त्याचा मला राग नाही. पण तू परत आल्यावर सगळ्यांची माफी मागत फिरत होतीस, त्याचा आला."

आणि सगळ्यात मोठा खर्च माझ्या जावेच्या नावावर पडला. मी गेले, पण माझं काम कुठं गेलं? ते स्वयंपाकघरातच राहिलं. दोघींचा स्वयंपाक एकटी करू लागली, सासूबाईंचं पथ्य, पाहुणे, गणपती, सगळं. मी बेटावर पहिला चहा माझ्यासाठी करत होते, तेव्हा ती माझ्या वाटणीचे चार कप जास्त करत होती. हे माझ्या लक्षात यायला मला वर्ष लागलं. स्त्रीमुक्तीच्या शिबिरांना जाणारी बाई मी! मी सुट्टीवर येताना तिच्यासाठी साडी आणली. तिनं ती घेतली आणि म्हणाली, "वहिनी, साडी नको होती. मलाही कुठंतरी जायचं होतं."

तिला शिवणकामाचा सहा महिन्यांचा कोर्स करायचा होता, कोल्हापूरला, तिच्या बहिणीकडे राहून. मी परत आल्यावर २०१५ साली ती गेली. ते सहा महिने घर मी सांभाळलं, नोकरी करून. आणि दिरानं दुपारची भांडी घासली. आज तिचं छोटं दुकान आहे. ती सभेला येत नाही, तिला भाषणं कंटाळवाणी वाटतात. पण मला विचाराल, तर माझ्या रजेतून निघालेलं सगळ्यात चांगलं काम ते.

परतल्यावर शाळेत काय झालं तेही सांगते. माझ्याकडे रजेच्या मंजुरीचं लेखी पत्र होतं. तरी मला सांगितलं गेलं, की विद्यार्थी घटले, पद कमी होणार, तुम्ही अतिरिक्त ठराल. अडीच महिने मी घर ते शाळा ते जिल्ह्याचं कार्यालय अशा चकरा मारल्या. आपल्या गटातल्या वकील मैत्रिणीनं एक नोटीस लिहून दिली आणि गटातल्या चौघी माझ्याबरोबर येऊन कार्यालयाच्या बाकावर बसल्या. मग हजर करून घेतलं. वेतनवाढी पुढे गेल्या, त्या गेल्याच. पर्यवेक्षकाची जागा निघाली तेव्हा माझं नाव चर्चेलाही आलं नाही. "तुम्ही काय, पुन्हा उडाल!" असं हसत हसत सांगितलं.

जी जाते आणि जिला जावं लागतं

एक गोष्ट विसरता कामा नये. मी परत येऊ शकले, कारण माझ्याकडे परत यायला नोकरी होती. आमच्याच वाडीतली एक बाई त्याच सुमाराला कुवेतला घरकामाला गेली होती. ती रजेवर गेली नव्हती. नवरा दारूत बुडालेला, दोन मुलं, सावकाराचं कर्ज. तिला एजंटानं फिरायच्या व्हिसावर पाठवलं. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात, फोन आठवड्यातून एकदा, पहाटे पाच ते रात्री बारा काम. दीड वर्षानं ती रिकाम्या हातानं परत आली. आम्हा दोघींच्याही प्रवासाला गावानं 'फॉरेन' हा एकच शब्द वापरला.

आपल्याकडे १९८३ चा परदेशगमनाचा कायदा आहे. त्याखाली एजंटाची सरकारकडे नोंदणी असावी लागते. दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांसारख्या ठरावीक देशांत कामाला जाताना सरकारी मंजुरी लागते, आणि अशा बाईचं वय तीसच्या वर हवं असाही नियम केला गेला. नियमाचा हेतू संरक्षणाचा. पण सरळ दार अरुंद केलं की गरजू बाई मागच्या दारानं जाते, फिरायच्या व्हिसावर, आणि मग तिला ना विमा मिळतो ना तक्रारीची जागा. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनं २०११ साली १८९ क्रमांकाचा करार केला. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. कुवेतनं २०१५ मध्ये घरकामगारांसाठी वेगळा कायदा केला. पण कायदा कपाटातल्या पासपोर्टपर्यंत पोचवायला कोणीतरी लागतं. आम्ही आठ शिक्षक एकत्र अर्ज करू शकलो. ती त्या घरात एकटी होती.

म्हणून मी 'सगळ्याजणी परदेशी जा' असं सांगायला उभी नाही. जिला जायचं आहे तिला जाता यावं, जिला जायचं नाही तिला जावं लागू नये, आणि दोघींनाही परत यायला जागा असावी, एवढंच माझं मागणं आहे.

त्यासाठी काही कामाच्या गोष्टी. लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

रजा तोंडी घेऊ नका. मंजुरीचं पत्र तारखेसह हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि रुजू होण्याची तारीख त्या पत्रात असू द्या.

एजंट नोंदलेला आहे का ते तपासा. परदेशगमन कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट यंत्रणेत बघता येते. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. पावती देत नाही म्हणाला की उठून या.

करार तुम्हाला कळेल अशा भाषेत कोणाकडून तरी वाचून घ्या. कामाचे तास, राहण्याची सोय, परतीचं तिकीट कोण देणार, मध्येच सोडलं तर काय, हे चार मुद्दे आधी बघा. फिरायच्या व्हिसावर कामाला जाऊ नका.

पासपोर्ट आणि कराराच्या प्रती तीन ठिकाणी ठेवा: एक तुमच्याजवळ, एक घरी, एक आपल्या गटाकडे. अडचण आली तर आपल्या दूतावासाकडे लेखी तक्रार करा. २०१५ पासून परराष्ट्र मंत्रालयाची 'मदद' ही तक्रार नोंदवायची सोय आहे, आणि इथून घरची माणसंही ती वापरू शकतात.

खातं तुमच्या एकटीच्या नावावर असू द्या. घराला द्यायचं ते तुम्ही द्या. पण देणारा हात तुमचा असू द्या.

आणि शेवटचं, हे कुठल्या सरकारी पत्रकात मिळणार नाही. जाण्याआधी घरात बसून कामाची यादी करा. तुमच्या मागे यातलं कुठलं काम कोण करणार, ते नावानिशी ठरवा. आणि त्या यादीत पुरुषांची नावं असू द्या. नाहीतर माझ्यासारखं होईल. एकीची रजा दुसरीच्या अंगावर पडेल.

आपल्या गटाला माझी एक सूचना आहे. आपल्याकडे बचतीची वही आहे, तशी रजेची वही ठेवू या. जिला तीन दिवस, तीन महिने किंवा दोन वर्षं कुठं जायचं असेल, तिनं त्यात नाव घालावं. शिकायला, काम करायला, नाहीतर नुसता समुद्र बघायला. कारण लिहायची सक्ती नको. आणि तिच्या मागे तिच्या घरी कोण जाऊन बघेल, कार्यालयाच्या बाकावर तिच्याबरोबर कोण बसेल, ते बाकीच्यांनी लिहावं. माझ्याबरोबर चौघी बसल्या म्हणून मी आज पगारी आहे.

पहिलं नाव मी माझ्या घरमदतनीस बाईंचं सुचवते. त्यांना चार दिवस माहेरी जायचंय, तीन वर्षांत जमलेलं नाही. ते चार दिवस त्यांचा पगार चालू राहील. भांडी माझ्या घरातली सगळी माणसं घासतील. वही आजच सुरू करू या. पेन कोणाकडे आहे?